बॅटरी उतरली, डिकी बंद: टुरिंग मोटारसायकलला आणीबाणीची केबल बसवतानाचं एक प्रकरण

मोठी टुरिंग मोटारसायकल सहा आठवडे एका जागी उभी होती. मागे कायमची बसवलेली डिकी, तिला किल्लीचं भोक नाही. बटण दाबलं की आतली छोटी मोटर लॅच (झाकण धरून ठेवणारा खटका) ओढते आणि झाकण वर येतं. बॅटरी उतरून ७.९ व्होल्टवर आली होती. एवढ्यावर कुलपाची मोटर हलत नाही, रिले, म्हणजे मोटरला वीज सोडणारा स्विच, फक्त टिकटिक करतो.

आता साखळी बघा. बॅटरी सीटखाली. सीट काढायची तर तिचे मागचे दोन बोल्ट सोडवायला हवेत. त्या बोल्टांवर मागच्या माणसाची पाठटेक बसलेली. पाठटेकीचे नट डिकीच्या आतून. आणि हत्यारांची पिशवी, जंप केबल (दुसऱ्या बॅटरीवरून वीज घ्यायच्या तारा), दोन्ही डिकीतच. म्हणजे डिकी उघडायला जे जे लागतं, ते डिकीच्याच पोटात.

गाडीला बॅटरी चार्जरसाठी एक जोडणी आधीच बाहेर काढलेली होती, म्हणून त्या दिवशी काही मोडावं लागलं नाही. सीटच्या कडेतून आलेली दोन तारांची शेपटी, तिच्यावर ७.५ अँपिअरचा फ्यूज. अशा शेपटीला दुसऱ्या गाडीची भरलेली बॅटरी थेट जोडण्याचा मोह होतो. तो टाळावा. उतरलेली बॅटरी सुरुवातीला भसाभस करंट ओढते आणि तो फ्यूज जाऊ शकतो. मग ती वाटही बंद होते, कारण फ्यूजचा जोड बहुतेक वेळा सीटखाली दडलेला असतो. इथे १ अँपिअरचा साधा चार्जर ४० मिनिटं लावला. तेवढ्यात बॅटरी खरी भरत नाही, पण कुलपाच्या मोटरला एक झटका द्यायला पुरते. डिकी उघडली. आणि झाकण पुन्हा बंद करण्याआधी ठरलं, की विजेवर अवलंबून नसलेली एक वाट हवीच: मूठ ओढली की लॅच सोडवणारी केबल.

आधी कागदावर साखळी

केबल कुठून कुठे न्यायची हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा: बॅटरी पूर्ण मेलेली आहे, डिकी आणि बाजूच्या पेट्या बंद आहेत, हातात काहीही नाही, अशा वेळी गाडीवरच्या कुठल्या जागी हात पोचतो? केबलची मूठ तिथेच हवी. सीटखाली मूठ लपवणं सुरक्षित वाटतं, पण या गाडीत सीटच डिकीवर अवलंबून आहे, म्हणजे ती जागा बाद. बाजूच्या पेटीत ठेवावी, तर त्या पेट्याही विजेच्या कुलपावरच चालतात. तीही बाद. उरलं डावं साइड कव्हर. ते रबरी बुचांवर दाबून बसवलेलं असतं आणि हाताने ओढून निघतं. तरीही एक गोष्ट प्रत्यक्ष करून पाहावी लागली: बाजूची पेटी जागेवर आणि बंद असताना कव्हर निघतं का? या गाडीत निघालं, जेमतेम दोन बोटांची जागा राखून. काही गाड्यांत पेटीची कड कव्हरवर येते. तिथे ही जागाही चालणार नाही.

बाहेर फक्त दोन तारा काढून ठेवल्या आणि गरजेला १२ व्होल्ट दिले, तर केबलची भानगड कशाला, असं कुणालाही वाटेल. बॅटरी उतरण्यापुरता तो उपाय चालतो आणि चार्जरची शेपटी असावीच. पण कुलपाची मोटर जळली, रिले चिकटला किंवा जोडातली तार गंजून तुटली, तर बाहेरून कितीही वीज द्या, झाकण हलत नाही. केबल या सगळ्या बिघाडांना वळसा घालून थेट लॅचला हात घालते.

लॅचमध्ये काय ओढायचं

डिकीच्या आतलं प्लास्टिकचं आवरण काढल्यावर लॅच दिसतो. या गाडीत लॅच डिकीच्या खालच्या भागात आणि आकडा, म्हणजे लॅचचा जबडा ज्याला पकडतो तो हूक, झाकणात आहे. हे सोयीचं. उलट असेल, म्हणजे लॅच झाकणात असेल, तर केबल बिजागरीवरून न्यावी लागते, प्रत्येक उघडझापीला ती वाकते आणि काम दुपटीने अवघड होतं.

सगळ्यात जास्त चूक होते ती इथे. पुष्कळ लॅचमध्ये मोटरवर वर्म असतो, स्क्रूसारखं गिअर. वर्म मोटरकडून फिरतो, पण दुसऱ्या टोकाने ढकललं तर तो अडतो. वर्मला घट्ट जोडलेल्या दांड्याला केबल बांधली, तर दोन्ही हातांनी ओढूनही काही होत नाही, फार तर दांडा वाकतो. या गाडीत वर्मचं चाक एका पट्टीला ओढतं, त्या पट्टीत १२ मिमी लांबीची खाच आहे आणि खाचेतली पिन लॅचच्या तरफेला ओढते. खाचेमुळे तरफ मोटर न हलवता एकटीही हलू शकते. केबल बांधायची ती तरफेला, पट्टीला नाही.

हे ओळखायची रीत सोपी आहे. बॅटरीची ऋण तार काढून ठेवा. झाकण उघडंच असू द्या. गोल दांड्याचा, साधारण १० मिमी जाडीचा स्क्रू ड्रायव्हर लॅचच्या जबड्यात दाबा. खट्‌ आवाज होऊन जबडा मिटेल, जणू झाकण लागलं. आता बोटाने तरफ ढकला. जबडा उघडला तर जागा बरोबर. तरफ दगडासारखी अडली तर तुम्ही मोटरच्या बाजूला आहात, पुढचा सांधा शोधा.

त्याच वेळी मोजमाप घेतलं. तरफ ९ मिमी सरकल्यावर जबडा सुटतो आणि १४ मिमीला ती टेकते. सामानाचं वजन करायचा हुकाचा काटा तरफेला अडकवून ओढला तेव्हा २.२ किलोला लॅच सुटला. मग डिकीत घडी केलेली जाड चादर कोंबून, तिचा वरचा दाब जबड्यावर येईल अशी रचना करून पुन्हा ओढलं, तेव्हा ३.८ किलो लागले. दुसरं माप खरं धरायचं, कारण आणीबाणी आली की डिकी रिकामी असेल याची हमी नाही. ठासून भरलेल्या डिकीचं झाकण आकड्याला वर खेचत राहतं आणि जबड्यातलं घर्षण वाढतं.

सामान

केबल म्हणजे सायकलची ब्रेकची केबल, दुसरं विशेष काही नाही. बाउडेन केबल म्हणतात ती हीच, आत तार आणि बाहेर न दबणारं आवरण. इनर स्टेनलेस, १.५ मिमी, २ मीटर लांब, एका टोकाला ओतीव निपल (तार अडवणारा धातूचा गोळा) असलेलं. आऊटर ५ मिमीचं, आतून प्लास्टिकची नळी असलेलं, दीड मीटर. गिअरचं आऊटर घेऊ नका. त्यातल्या तारा लांबीच्या दिशेने उभ्या असतात आणि जोराने ओढल्यावर त्या बाजूला फाटून बाहेर येऊ शकतात. ब्रेकच्या आऊटरमधली तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, ती असा भार सोसते. आऊटरच्या टोकांना बसणाऱ्या दोन टोप्या, एम-६ (६ मिमी) आट्यांचा, ढील कमी-जास्त करणारा एक केबल अ‍ॅडजस्टर, मधून भोक असलेलं एक स्क्रूचं निपल, ८ मिमीच्या भोकात बसणारा एक रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेत बसणारं कडं), २ मिमी जाड लोखंडी पट्टी, ८ मिमी गोल दांड्याचा ६० मिमी तुकडा मुठीसाठी, झिप टाय, आणि मध्यम पकडीचं थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद). आऊटर कापायला खरा केबल कटर हवा. पक्कडीने कापलं की टोक चेपतं.

पहिला प्रयत्न का फसला

पहिल्या वेळी केबल डिकीच्या तळाच्या आधीच असलेल्या भोकातून काढून, मडगार्डवरून उजवीकडे, तिथून फ्रेमला वळसा घालून डाव्या कव्हरकडे नेली. लांबी दीड मीटर. वळणं मोजली तर ९०, ९०, १२० आणि ६०, एकूण ३६० अंश. लॅचपाशी आऊटर धरायला १ मिमी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टी वाकवून कोन केला होता. मूठ २२ मिमी ओढली, तरफ सरकली ७ मिमी. लॅच सुटला नाही.

बाकीची ओढ कुठे गेली? ३ मिमी मुद्दाम ठेवलेली ढील होती. तार स्वतः १० किलोच्या ओढीला एवढ्या लांबीत जेमतेम १ मिमी ताणली जाते, तिला दोष देण्यात अर्थ नाही. अ‍ॅल्युमिनियमचा कोन मात्र डोळ्यांदेखत ५ मिमी झुकत होता. उरलेली ओढ आऊटर सरळ होण्यात जात होती, कारण टाय लांब लांब बांधले होते आणि मूठ ओढली की आख्खी केबल सापासारखी सरकत होती. बाउडेन केबलमध्ये आऊटर दोन्ही टोकांना पक्कं धरलेलं नसेल, तर तार नुसती आऊटरला घेऊन हलते. न चालणाऱ्या केबलमागे बहुधा हेच कारण निघतं आणि लोक मात्र तार घट्ट करत बसतात.

जोराचा हिशेबही बिघडला होता. वळणातलं घर्षण लांबीने वाढत नाही, वळणांच्या एकूण अंशांनी वाढतं, आणि तेही गुणाकाराने. आतल्या घर्षणाचा गुणांक ०.१५ धरला, तर एकूण १८० अंशांच्या वळणांना ओढ १.६ पट होते आणि ३६० अंशांना २.६ पट. तरफेला लागणारे ३.८ किलो मुठीशी जवळजवळ १० किलो होतात. अंधारात, वाकून, दोन बोटांनी १० किलो ओढणं अवघड आहे.

दुसरा मार्ग

दुसऱ्या वेळी तळाचं भोक सोडून दिलं आणि डिकीच्या पुढच्या भिंतीला, खालच्या डाव्या कोपऱ्यात, ८ मिमीचं नवं भोक पाडलं. पाडण्याआधी मागच्या बाजूला तारांचा जुडगा नाही हे हात घालून पाहिलं, आणि ड्रिलच्या पात्याला टोकापासून १० मिमीवर टेप गुंडाळली, म्हणजे कुठे थांबायचं ते दिसतं. भोकाची कड कानशीने साफ करून ग्रोमेट बसवला. आता केबल १.१५ मीटरची आणि वळणं मिळून सुमारे २०० अंश. हिशेबाने ६.४ किलो. प्रत्यक्ष काट्यावर साडेसहा आले.

एकही वळण ६० मिमी त्रिज्येपेक्षा आवळ ठेवलं नाही. सायलेन्सरपासून किमान ५० मिमी अंतर. दर १५० मिमीवर टाय, पण वळणावरचे टाय हलकेच. तिथे आवळले तर आऊटर चेपतं आणि तार आत घासते. ग्रोमेटच्या बाहेर केबलला खाली एक लहान झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी आऊटरवरून ओघळून झोळातून खाली ठिबकतं, डिकीत शिरत नाही.

लॅचपाशी कोन २ मिमी लोखंडी पट्टीचा केला आणि एक कड दुमडली. एका दुमडीने पट्टी किती ताठ होते हे हातात धरल्यावरच कळतं. हा कोन लॅचच्याच एका एम-६ बोल्टाखाली धरला. बोल्ट सैल करण्याआधी लॅचच्या भोवती मार्करने रेघ मारून घ्यावी. हा बोल्ट सुटला की लॅच एखाददुसरा मिलिमीटर सरकतो, मग आकडा जबड्यात तिरका बसतो आणि झाकण आपटल्याशिवाय लागत नाही. दोष केबलला दिला जातो, चूक बोल्टाची असते. कोनाच्या जाडीमुळे जुना बोल्ट २ मिमी कमी धरतो, म्हणून तेवढा लांब बोल्ट घातला. आऊटरचा थांबा तरफेपासून २५ ते ३० मिमीवर आणि ओढीच्या सरळ रेषेत.

तरफेला ३ मिमीचं एक मोकळं भोक होतं. ओतीव निपलचं टोक इकडे ठेवलं: तार भोकातून, निपल पलीकडे टेकलेलं. स्क्रूचं निपल मुठीच्या टोकाला. याला कारण आहे. डिकीतलं टोक आवरणाखाली झाकलं जातं, पुन्हा वर्षावर्षात दिसत नाही. तिथे कारखान्यात ओतलेलं निपलच हवं. स्क्रू सैल होऊ शकतो, म्हणून तो जिथे नजर पडते तिथे. मोटरने लॅच उघडला की तरफ निपलपासून दूर सरकते आणि तार भोकात मोकळी राहते. ही एकतर्फी जोडणी मुद्दाम ठेवायची. तार तरफेला घट्ट कसली, तर रोज मोटरला केबलही ढकलावी लागते. तरफेला भोकच नसेल, तर ओतीव जस्ताच्या तरफेत ड्रिल मारू नका, ती तिथेच तडकते. पत्र्याचा छोटा आकडा करून कडेला अडकवा.

आऊटर कापल्यावर आतल्या प्लास्टिकच्या नळीचं तोंड दाभणाने गोल करा आणि गुंडाळलेल्या तारेची उभी राहिलेली धार कानशीने घासून टाका. ही धार तशीच राहिली तर ती दर ओढीला इनरचा एकेक धागा कापते. इनर कापताना आधी टेप गुंडाळा. स्टेनलेसला साधा सोल्डर धरत नाही, तेव्हा टोकाला सुपरग्लूचा थेंब आणि वर अ‍ॅल्युमिनियमची टोपी दाबून बसवा. ग्रीस भरू नका, त्यात धूळ साचते. पातळ तेलाचे दोन थेंब बस्स झाले.

जुळवणी आणि चाचणी

स्क्रूचं निपल कसताना एकदम जोर लावला तर स्क्रूचं टोक तारेचे धागे चिरडतं. हाताला घट्ट लागल्यावर पाव फेरा आणखी, थ्रेडलॉकचा थेंब, बस. मग अ‍ॅडजस्टरने तरफेपाशी ३ मिमी ढील ठेवली. आट्यांचा टप्पा १ मिमी आहे, म्हणून एक फेरा म्हणजे १ मिमी. ढील नसली तर काय होतं हे समजून घ्या: डिकी रॅकवर आहे, रॅक भाराखाली वाकतो, डिकी आणि फ्रेममधलं अंतर किंचित बदलतं, केबल तेवढीच ओढली जाते आणि तरफ अर्धवट उघडी राहते. मग एखाद्या खड्ड्यात झाकण उघडतं, मागून वाहनं येत असताना. म्हणून ढील रिकाम्या गाडीवर मोजून भागत नाही. दोन माणसं बसवून, डिकीत सामान ठेवून, आवरण काढलेल्या अवस्थेत तरफेला बोट लावून पाहिली. २.५ मिमी उरली होती. चालेल.

पहिल्या १० ओढी झाकण उघडं ठेवून, स्क्रू ड्रायव्हरने जबडा मिटवून घेतल्या. मग बॅटरी जोडून बटणाने १० वेळा, दर वेळी तार भोकात मोकळी सरकते का ते पाहत. या वीस वेळा नीट झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही. आतलं काही अडकलं आणि झाकण बंद असलं, तर पुन्हा पहिल्या साखळीत अडकलात. शेवटी चादर कोंबून झाकण लावलं, बॅटरी काढली, आणि मूठ ओढली. १५ मिमीवर लॅच सुटला: ९ तरफेचे, ३ ढिलीचे, ३ केबलने खाल्लेले. भरलेल्या डिकीला एक युक्ती उपयोगी पडते. एका हाताने मूठ ओढताना दुसऱ्या तळव्याने झाकण खाली दाबा. जबड्यावरचा ताण उतरतो आणि ओढ बरीच हलकी होते.

५०० किलोमीटरनंतर ढील ४.५ मिमी झालेली आढळली. नवं आऊटर टोप्यांमध्ये बसतं, तेव्हा हे अपेक्षित आहे. अ‍ॅडजस्टर दीड फेरा फिरवला आणि चेकनट (तो फिरू न देणारा नट) कसला. त्यानंतर ती हलली नाही.

मूठ आणि चोर

हाताने निघणाऱ्या कव्हरमागची मूठ चोरालाही मिळू शकते, हे मान्य करावं लागतं. मूठ काळी ठेवली, रंगीत किंवा चमकणारी नाही. ती फ्रेमच्या नळीवर स्प्रिंगच्या चिमट्यात अडकवली, म्हणजे लोंबत नाही, कशात अडकून ओढलीही जात नाही. जास्त धास्ती असेल तर कव्हरला ५ मिमी अ‍ॅलन बोल्ट लावता येतो, पण मग ती अ‍ॅलन की किल्लीच्या जुडग्यातच हवी. आमचं मत असं की डिकीत मौल्यवान वस्तू ठेवून गाडी रात्रभर बाहेर सोडण्याची सवय असेल तर बोल्ट लावावा, नाहीतर साधं कव्हर ठेवावं. आणीबाणीच्या वाटेवर जितकी कुलपं वाढवाल तितकी ती पुन्हा त्या पहिल्या साखळीसारखी होत जाते.

वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, बॅटरीची तार काढून एक ओढ घ्यायची. मूठ जड लागली तर तेल टाकण्याआधी मुठीपाशी उघड्या तारेचे धागे पाहायचे. एकही तुटलेला दिसला तर इनर बदलायचं. हत्यारांच्या पिशवीतला १० मिमीचा पाना आणि ५ मिमीची अ‍ॅलन की आता डिकीत राहत नाहीत. त्या रबरी पट्ट्याने साइड कव्हरच्या मागे, मुठीच्या शेजारी बांधल्या आहेत.